किचन ओट्यासाठी ग्रॅनाइट घ्यायचा की क्वार्ट्झ? नागपूरकरांनो सांगा

वृंदा_बेसा

नमस्कार. बेसा रोडला आमच्या घराचं काम सुरू आहे, प्लास्टर झालं, आता ओट्याचा दगड ठरवायचा आहे आणि घरात तिघांची तीन मतं. इंटीरियरवाला म्हणते पांढरा क्वार्ट्झच घ्या, आजकाल सगळे तोच लावून राहिले. सासूबाई म्हणतात काळ्या ग्रॅनाइटशिवाय काही नको. आणि ह्यांनी कुठल्या तरी हॉटेलात कोरियनचं (ॲक्रिलिकचा कृत्रिम दगड असते ते) काउंटर पाहिलं, जोड दिसत नाही म्हणून ते आवडलं आहे.

ओटा एल आकाराचा आहे, एक बाजू ११ फूट, दुसरी ७, रुंदी २ फूट. सिंक पश्चिमेच्या खिडकीखाली येते, दुपारनंतर ऊन सरळ ओट्यावर पडते, आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन काय असते ते तुम्हाला सांगायला नको. स्वयंपाक आमच्याकडे दणक्यात असते, रविवारी सावजी म्हणजे तेल, तर्री सगळीकडे उडते, रोजची हळद आहेच. कुकर, कढई गॅसवरून उतरवली की सरळ ओट्यावर, ही सवय कोणाचीच जाणार नाही हे धरूनच सांगा. सासूबाई पोळ्यासुद्धा ओट्यावरच लाटतात.

हळदीचे डाग कशावर पडत नाहीत, गरम भांड्यानं कशाला काही होत नाही, आणि दुकानात गेल्यावर माल चांगला आहे हे ओळखायचं कसं, एवढं सांगा. शिवाय हॉलकडे उघडणारा एक छोटा नाश्त्याचा काउंटर आहे आणि देवघर आहे, तिथं काय लावावं तेही सुचवा.

कातळ_मास्तर

वृंदाताई, मी भूगर्भशास्त्र शिकवतो म्हणून जरा लांब लिहीन, पण दगड आत कशाचा बनला आहे हे कळलं की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

ग्रॅनाइटमध्ये मुख्य खनिजं फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोजपट्टीवर फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७, आणि घरातली स्टीलची सुरी साडेपाचच्या आसपास, म्हणून ग्रॅनाइटवर सुरी घासली तर बोथट सुरी होते, दगडाला काही होत नाही. मार्बल म्हणजे कॅल्साइट, कठीणपणा ३, आणि आंबट लागलं की विरघळते. लिंबू, चिंच, टोमॅटो, दही, आपलं संत्रं, ह्यातलं काहीही सांडून थोडा वेळ राहिलं की पॉलिश जाऊन तिथं पांढुरका फिका ठसा उमटते. तो डाग नसतेच, दगडच तेवढा खाल्लेला असते, त्यामुळे घासून निघत नाही, पुन्हा पॉलिश मारावी लागते. कडप्पा आणि कोटा दिसायला वेगळे असले तरी दोन्ही चुनखडीच, त्यांचंही तेच. मकराण्याचा मार्बल ताजमहालाला लागला म्हणून कितीही मोठा असो, ज्या ओट्यावर रोज लिंबू कापणार तिथं तो लावू नका.

बाजारात जो काळा ग्रॅनाइट मिळते तो बहुतेक गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचा असते, त्यात क्वार्ट्झ अगदी कमी किंवा नसतोच. ओट्यासाठी ह्यात वाईट काहीच नाही, उलट हे दगड दाट असतात, पाणी-तेल कमी पितात. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात चीमकुर्तीला निघते, ते ठिपके पायरॉक्सीन खनिजाचे, वरून लावलेले नाहीत. तपकिरी टॅन ब्राउन तेलंगणात करीमनगरकडचा.

क्वार्ट्झ म्हणून जे विकतात ते कारखान्यात तयार होते. क्वार्ट्झचा चुरा वजनानं ९० टक्क्यांच्या आसपास, बाकी पॉलिएस्टर रेझिन आणि रंग. हवा काढून घेतात, कंप देत देत दाबतात आणि मग भट्टीत रेझिन पक्कं करतात. इटलीच्या ब्रेटन कंपनीनं हे तंत्र जगभर नेलं. आत भोकं राहतच नाहीत म्हणून हळद-तेल मुरत नाही आणि सीलर, म्हणजे भोकं बंद करणारा लेप, लावायची गरज पडत नाही. पण चुरा धरून ठेवणारं ते रेझिन म्हणजे शेवटी प्लास्टिकच, ते उष्णतेला आणि उन्हाला घाबरते. साधारण १५० अंशांच्या वर ते पिवळं पडायला, फुगायला लागू शकते. आता कुकरमध्ये वाफ १२० अंशांची असते, पण ज्वाळेवरून आत्ता उतरवलेलं बूड त्याहून गरम, आणि तळणीच्या कढईतलं तेलच १८० च्या घरात. तुमची सवय जाणार नाही म्हणता, मग गॅसच्या बाजूला क्वार्ट्झ नको. पश्चिमेचं ऊन रोज पडणार असेल तर पांढरा क्वार्ट्झ हळूहळू पिवळट होण्याची भीती आहे, म्हणून सिंककडेही नको.

आणखी एक सांगतो. दुकानात क्वार्टझाइट पण दाखवतील, तो खाणीतून निघालेला नैसर्गिक दगड, कारखान्यातल्या क्वार्ट्झशी त्याचा संबंध नाही. चांगला असते, महाग असते. पण त्या नावाखाली मार्बल खपवणं चालते, त्यामुळे लिंबाची परीक्षा केल्याशिवाय घेऊ नका.

प्रज्ञा_प्रतापनगर

मास्तर म्हणतात ते सगळं पटते पण क्वार्ट्झची बाजू मांडणारं पण कोणी पाहिजे न! आमच्याकडे पांढरा क्वार्ट्झ आहे, राखाडी रेघांचा, आणि मी मनापासून खूश आहे. किचन आमचं उत्तरेला, अंधारं होतं, काळा दगड लावला असता तर दिवसा लाइट लावून कणीक मळावी लागली असती. पांढऱ्यानं सगळं उजळलं. हळद सांडली तर लगेच पुसली की जाते, रात्रभर राहिली तर पिवळी झाक दिसते पण भांड्याच्या साबणाचा फेस थोडा वेळ ठेवून मऊ स्पंजनं पुसलं की तीही जाते. तारेची घासणी मात्र मी ओट्यावर येऊच देत नाही, तिनं चकाकी मारली जाते.

गरम भांड्याचं म्हणाल तर गॅसच्या दोन्ही बाजूला लाकडी पाट कायमचे ठेवले आहेत, जे उतरवायचं ते पाटावर. माझ्या बहिणीकडे तव्याचा अर्धगोल डाग पडला, फिकट तपकिरी, आणि तो काही केल्या निघत नाही, दुकानदारानं गॅरंटीचा कागद दाखवला तर त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की उष्णतेचे डाग धरणार नाही. तेव्हा गॅरंटी किती वर्षांची हे विचारण्यापेक्षा कशाकशाची नाही हे आधी वाचा.

वृंदाताई, तुमचा नाश्त्याचा काउंटर हॉलकडे आहे, ऊन नसेल आणि तिथं गॅस नाहीच, तर तिथं पांढरा क्वार्ट्झ लावा न. सगळ्या घरात एकच दगड पाहिजे असं कुठं आहे.

ओटा_फिटिंगवाला

ताई मी हेच काम करतो, मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा हा पूर्ण पट्टा माझ्या कामाचा. दगड कोणता ते मास्तरांनी सांगितलंच, मी सांगतो ते बसवण्याचं, कारण भारीतला भारी दगड कच्च्या हातानं बसवला की वर्षाच्या आत तडकते आणि लोक दगडाला शिव्या देतात.

ग्रॅनाइट दोन प्रकारे येते, मोठा गँगसॉ स्लॅब आणि छोटा कटर स्लॅब. कटर स्वस्त असते, रुंदी दोन-सव्वादोन फुटाच्या पुढं-मागं, साध्या ओट्याला तेवढी पुरते. पण जाडी पाहा. वीस एमएम म्हणून सांगतात आणि टेपनं मोजलं तर पंधरा भरते. किचनला सतरा-अठरा तरी भरली पाहिजे, आणि ती चारही कडांना मोजा, एका कडेला जाड अन् दुसरीला पातळ असा माल येते. तुमचा एल ३२ चौरस फुटाचा होते (११ गुणिले २ अन् कोपरा सोडून ५ गुणिले २), पण दुकानदार पूर्ण स्लॅबचं माप लावते, कापून उरलेला तुकडा तुमचा. तो टाकू नका, खिडकीच्या पाळीला, बाथरूमच्या उंबऱ्याला कामी येते.

आता मेन गोष्ट, गॅसचं कटिंग. हॉब (ओट्यात बसणारी शेगडी) बसवायला चौकोन कापतात न, तिथं लेबर घाईत चारही कोपरे काटकोनात मारते, ब्लेड कोपऱ्याच्या पुढं अर्धा इंच निघून जाते आणि तिथूनच पुढं तडा जाते. काहून? सगळा ताण कोपऱ्यात येते आणि वरून रोज गरम-थंड. तुम्ही समोर उभं राहून सांगायचं, आधी चारही कोपऱ्यांना ड्रिलनं गोल भोकं पाडा अन् मग भोक ते भोक सरळ कापा. कोपरा गोल राहिला की तडा जात नाही. हॉबच्या समोर अन् मागं जी पट्टी उरते ती तीन-चार इंचाची असते, तिच्याखाली आधार द्या, नाही तर फिटिंगच्या दिवशीच उचलताना मोडते. १८ एमएमचा काळा दगड चौरस फुटाला पाच किलोच्या जवळ जाते, ११ फुटाचा अख्खा पीस म्हणजे शंभर किलोच्या वर, चार माणसं लागतात आणि त्याला आडवा न्यायचा नसते, कडेवर उभा न्यायचा. जिन्यात वळत नसेल तर जोड घ्यायचा, तो सिंक किंवा गॅसच्या कटिंगवर येऊ द्यायचा नाही.

समोर एक इंच बाहेर काढा आणि त्या बाहेर आलेल्या भागाला खालून कटरनं बारीक खाच मारायला लावा, पूर्ण लांबी. ओटा धुतला की पाणी कडेवरून वळून खाली शटरवर जाते, खाच असली की तिथंच थेंब होऊन पडते. ह्याचा खर्च काहीच नाही पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. ओट्याला सिंककडे हलकासा उतारही ठेवा, आपले लोक रात्री ओटा पाणी टाकून धुतात.

वृंदा_बेसा

बापरे, केवढं लिहिलं सगळ्यांनी, खूप खूप आभार. काल ह्यांच्यासोबत दोन-तीन दुकानं पाहून आले. एका ठिकाणी एकदम काळाभोर ग्रॅनाइट दाखवला, बाकीच्यांपेक्षा स्वस्त, आणि हात लावला तर बोटाला किंचित तेलकट लागलं. विचारलं तर म्हणे पॉलिशच भारी आहे. शंका आली म्हणून घेतला नाही. आणि दुसरीकडे नॅनो व्हाइट म्हणून एकदम दुधासारखा पांढरा दाखवला, तो काय प्रकार आहे? सिंटर्ड स्टोन पण दाखवला, त्यावर दुकानदारानं लायटर पेटवून दाखवला, काहीच झालं नाही.

कातळ_मास्तर

घेतला नाही ते छान केलं. करडा दगड रंग आणि तेल मारून काळा करून विकतात. पुढच्या वेळी पर्समध्ये पांढरा कापूस आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन जा, स्लॅबच्या कोपऱ्यात घासा, कापूस काळा झाला की दुसरं दुकान पाहा. स्लॅबची न पॉलिश केलेली कापीव कडही पाहा, वर काळा आणि कडेला करडा असेल तर रंगवलेला.

मग लिंबू. छोटा तुकडा घरी मागून आणा, चांगले दुकानदार देतात, ज्या स्लॅबचा माल घेणार त्याच स्लॅबचा मागा. त्यावर लिंबाचे चार थेंब दहा मिनिटं ठेवा, पुसा आणि तुकडा उजेडाकडे तिरपा धरून पाहा. चकाकी गेलेला गोल दिसला तर आत कॅल्साइट आहे. नंतर दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचे थेंब पंधरा मिनिटं, पुसल्यावर खाली गडद ठसा दिसला तर दगड पाणी पिते, म्हणजे तेलही पिणार. पांढरे आणि फिक्या रंगाचे ग्रॅनाइट बरेचदा असे निघतात, ते घ्यायचेच असतील तर सीलर लावून घ्या आणि पाणी मुरायला लागलं की पुन्हा लावा. शेवटी हळद-तेल कालवून त्या तुकड्यावर रात्रभर ठेवा, तुमच्या सावजीची परीक्षा तीच.

स्लॅब उलटा करून मागची बाजू पण पाहा. मागं फायबरची जाळी चिकटवलेली असेल तर दगड मुळात नाजूक आहे, वाहतुकीत मोडू नये म्हणून ती लावतात. रोजच्या ओट्याला असा टाळलेला बरा.

नॅनो व्हाइट काचेपासून बनवतात, उष्णता देऊन काचेचं स्फटिकीकरण करतात. डाग पडत नाही हे खरं, पण काचेसारखाच कडेला टवका उडते आणि गरम-थंड एकदम झालं की तडकू शकते. सिंटर्ड स्टोनमध्ये रेझिन नसतेच, माती-खनिजं जबर दाबानं दाबून बाराशे अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून लायटरनं काही झालं नाही, आणि उन्हानंही होणार नाही. गुण चांगले आहेत, बसवण्याचं आपले फिटिंगवाले भाऊ सांगतील.

ओटा_फिटिंगवाला

सिंटर्ड मी लावला आहे. दगड एक नंबर, पण १२ एमएमचा पातळ येते आणि आत ताण असते, साध्या कटरनं घाईत कापला की मधूनच चिरते. पाण्यावर चालणारी मशीन, वेगळं ब्लेड आणि हात बसलेला माणूस पाहिजे. बऱ्याच स्लॅबची डिझाइन फक्त वरच्या थरावर छापलेली असते, मग कडेला पट्टी ४५ डिग्रीत कापून जोडावी लागते, त्याची मजुरी वेगळी. अन् जड कढई कडेवर आदळली की टवका. बजेट असेल अन् माणूस खात्रीचा असेल तर घ्या, नाही तर काळा ग्रॅनाइट आहेच.

कोरियनचं पण सांगून टाकतो. ते ॲक्रिलिक अन् खनिज पावडरीचं, जोड खरंच दिसत नाही, ओरखडे घासून काढता येतात. पण गरम सहन होत नाही, ओट्याला नाही चालत तुमच्या. देवघर मात्र त्याचं सुंदर होते, मशीननं जाळी कापतात अन् मागून लाइट सोडला की पूर्ण उजळते. फक्त समईची ज्योत भिंतीपासून दूर ठेवा.

महालचे_काका

सुनबाई, आमच्या महालातल्या घरी अजून कडप्प्याचा ओटा आहे, आई असल्यापासूनचा. चकाकी केव्हाच गेली, लिंबाचे ठसे पडून पडून सगळा एकसारखा झाला आणि आता त्यावर काय सांडलं ते पाहायलाही कोणी जात नाही. पण नवीन घरात वर लावा असं मी म्हणणार नाही. खालच्या उभ्या पाट्या आणि आतले कप्पे मात्र कडप्प्याचेच करा. प्लायवूड सिंकखाली ओल धरून फुगते, वाळवी लागते, कडप्प्याला दोन्ही भीती नाही, आणि तो ग्रॅनाइटहून स्वस्त पडते. सिंकखालचा कप्पा तरी नक्की.

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी असेल तर नळाच्या बुडाशी पांढरा क्षार जमते. काळ्या दगडावर तो लगेच दिसते. तो काढायला घरातली बाई टॉयलेट धुवायचं ॲसिड ओतते, ते बिलकुल ओतू देऊ नका, दगड आणि स्टीलचं सिंक दोन्ही खराब होते. रोज रात्री कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं की क्षार जमतच नाही.

श्वास_सांभाळा

मी छातीच्या रोगांच्या वॉर्डात काम करते, म्हणून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, ती तुमच्या डागांची नाही, दगड कापणाऱ्या माणसाची आहे. क्वार्ट्झ कापताना जी धूळ उडते त्यात सिलिका असते, आणि कारखान्यातल्या क्वार्ट्झमध्ये ती ९० टक्क्यांच्या वर असू शकते, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. ती धूळ इतकी बारीक असते की फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते, तिथं जखमा होऊन फुप्फुस कडक होत जाते. सिलिकोसिस म्हणतात त्याला, झालेलं फुप्फुस पुन्हा बरं होत नाही आणि टीबीचा धोकाही वाढते. आपल्या देशात खंभातचे अकीक घासणारे आणि मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली करणारे कामगार ह्याच आजारानं गेले. ऑस्ट्रेलियानं तर १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड बनवणं, विकणं आणि बसवणंच बंद केलं, जगात पहिल्यांदा.

बसवलेल्या ओट्यापासून घरातल्यांना काही धोका नाही, घाबरू नका. पण कापणारी वीस-बावीस वर्षांची पोरं तोंडाला रुमाल बांधून कोरडं कटर चालवतात, सगळी साइट पांढरी होते, आणि रुमालानं ही धूळ अडत नाही. तुम्ही घरमालक आहात, तुमचं ऐकतात. कटिंग होईल तितकं दुकानातच पाण्यावर करून आणायला सांगा. साइटवर जे कापायचं ते बाहेर मोकळ्यावर, एकानं कटर धरायचं आणि दुसऱ्यानं ब्लेडवर पाण्याची धार सोडायची. पाण्याजवळ वीज म्हणून कटरचा वायर कुठं सोललेला नाही हे पाहा आणि लाइन ईएलसीबीवरूनच (शॉक लागायच्या आत वीज तोडणारा स्विच) घ्या. एन ९५ मास्क तुम्हीच आणून द्या, किंमत तुमच्या दगडाच्या एका फुटाइतकीही नाही. नंतर झाडू मारू देऊ नका, ओल्या फडक्यानं पुसायला लावा.

ओटा_फिटिंगवाला

ताई बरोबर बोलल्या. माझ्यासोबतचा एक कारागीर दोन वर्षांपासून खोकून राहिला, डॉक्टरनं कटरचं काम बंद करायला सांगितलं. मी आता पाणी सोडल्याशिवाय कापूच देत नाही. चिखल होते, घरमालक चिडतात, पण चिडू दे म्हणतो.

वृंदा_बेसा

हे तर इंटीरियरवाल्यानं किंवा दुकानदारानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मास्क आम्ही देऊ आणि अंगणात नळ आहे, पाणी तिथूनच घेता येईल.

तर घरात बोलून असं ठरलं आहे. पूर्ण एल ओटा काळा ग्रॅनाइट, पॉलिशचा, कारण सासूबाईंना पोळ्या लाटायला गुळगुळीत पाहिजे, लेदर फिनिशवर (चकाकी नसलेला, खडबडीत) कणीक अडकते म्हणाल्या. सिंकखालचे कप्पे काकांनी सांगितल्याप्रमाणे कडप्पा. नाश्त्याच्या काउंटरला क्वार्ट्झ घेणार होतो पण आता मन होत नाही, तिथं फिक्या रंगाचा ग्रॅनाइट सीलर लावून चालेल का ते तुकडा आणून हळद-तेल लावून पाहते. देवघर कोरियनचं, ह्यांची हौस तिथं पूर्ण होईल.

फिटिंगवाले दादा, शेवटचं एक. इंटीरियरवाला म्हणते दगड आधी कापून आणू आणि मग खालचे बॉक्स बनवू, वेळ वाचेल. चालते का?

ओटा_फिटिंगवाला

नाही ताई, उलटं करा. आधी खालच्या पाट्या अन् बॉक्स बसू द्या, लेव्हल लावून पाहा, मग माप. भिंती कधीच पूर्ण काटकोनात नसतात, तुमच्या एलच्या कोपऱ्यात पाऊण इंचाचा फरक निघाला तरी नवल नाही, अन् तो मग फटीत सिमेंट भरून लपवतात. हार्डबोर्डचा फर्मा कापून कोपऱ्यात बसवून पाहा, तो फर्मा दुकानात द्या. सिंक अन् हॉब आधी विकत आणून ठेवा, डब्यावरचं माप धरू नका, प्रत्यक्ष वस्तू कटिंगवाल्याच्या हातात द्या. ओट्याची उंची सासूबाई अन् तुम्ही दोघी उभं राहून ठरवा, कोपर वाकवून हात जिथं येते त्याच्या चार-पाच इंच खाली. आमच्याकडं बहुतेक ३३ ते ३४ इंचावर येते, पण फरशी लागायची असेल तर तिची जाडी धरूनच मोजा.